सत्यवतीचा जबडा आणि तळ्यातला जिताडा

सत्यवतीनं नाकातली चमकी, कानातल्या कुड्या आणि गळ्यातलं मंगळसूत्र नवऱ्याच्या, हिरामणच्या रुमालात बांधून दिलं आणि ती अलिबागच्या दवाखान्यातल्या त्या यंत्रासमोर उभी राहिली. हनुवटी टेकवायची, दातांत प्लॅस्टिकची काडी धरायची आणि यंत्राचा हात डोक्याभोवती फिरून येईपर्यंत, म्हणजे अठरा सेकंद, हलायचं नाही की बोलायचं नाही. एवढा वेळ गप्प राहण्याचा प्रसंग तिच्यावर आजवर आलेला नव्हता.

महिनाभर तिचा उजवा गाल सुजलेला होता. साध्या एक्स-रेत जबड्यात काळा डाग दिसला, म्हणून डॉक्टर निकेत यांनी थ्री-डी स्कॅन करायला सांगितला. तीस वर्षं मिश्री लावलेल्या सत्यवतीला कसली भीती वाटत होती, ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

यंत्र घरघरलं. "पोरी, ह्ये डोक्याला लागनार न्हाय ना?" तिनं विचारलं, आणि पहिला स्कॅन फुकट गेला. दुसऱ्या वेळी दाराबाहेरून हिरामणनं हाक दिली, "दुकतंय का गं?" आत ती म्हणाली, "न्हाय वो."

पडद्यावर एकावर एक दोन जबडे उमटले. यंत्र चालवणारी रुचिता दार उघडून डॉक्टरांना म्हणाली, "सर, असा जबडा मी आजवर पाहिला नाही." बाकावरच्या हिरामणनं तेवढंच ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी, सारखे सारखे किरण द्यायचे नसतात," डॉक्टर म्हणाले. "आता एकदाच. हललात तर आज काहीच कळणार नाही."

दार लागलं. यंत्र फिरू लागलं. मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारून कमावलेला हिरामणचा आवाज त्या दाराला थोडाच अडणार होता.

"सत्ये, मना माफ कर. आता लपवून काय करू? तलावातला जिताडा काशीनं न्हाय नेला. मीच खाल्ला."

घरामागच्या तळ्यात सत्यवतीनं तो मासा दोन पावसाळे कोलंबी घालून पोसला होता. जावई मितेश पहिल्यांदा जेवायला येणार, त्याच्या पानात तो मानाच्या डोक्यासकट वाढायचा होता. ऐन दिवशी मासा गायब झाला आणि जावयाची बोळवण अंड्याच्या कालवणावर करावी लागली. सत्यवतीनं धाकट्या जावेवर, काशीवर आळ घेतला आणि दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला.

आता सगळे शब्द एकदम घशाशी आले. सत्यवतीनं काडी करकचून चावली. तोंड उघडलं तर गालातलं काय ते कळणार नव्हतं, आणि तिला जगायचं होतं. आधी जबडा, मग हा माणूस, असं तिनं ठरवलं. डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण मान तसूभर हलली नाही.

"एकदम स्पष्ट आलाय," डॉक्टर पडद्यावर जबडा फिरवत म्हणाले. "ही आडवी अक्कलदाढ आणि तिच्याभोवती पाण्याची पिशवी. काढल्यावर तपासायला पाठवू, पण मला तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही."

सत्यवती मटकन स्टुलावर बसली आणि हमसून रडली. हिरामणही आत येऊन दागिन्यांच्या रुमालानंच डोळे पुसू लागला.

"काशीला फोन लावा," ती म्हणाली. त्यानं मुकाट्यानं लावला आणि स्पीकर सुरू केला.

"काशे, मी चुकले गं. तुझ्यावर उगाच आळ घेतला. मना आज कळलं."

पलीकडे कोंबडी ओरडत होती. "वयनी, रडू नको," काशी पुटपुटली. "त्या जिताड्याचं कालवन मीच केलं व्हतं."

सत्यवतीनं डोळे पुसले. सुजल्या गालावर हात ठेवून तिनं सावकाश विचारलं, "आणि डोका कोनी खाल्ला?"

काशीच्या फोनात पुन्हा कोंबडी ओरडली. हिरामण दातांच्या तक्त्याकडे बघत राहिला. अठरा सेकंद कोणी हललं नाही की बोललं नाही.