सरळ दांडा

देवळीच्या मधुकररावांनी आपली पस्तीस वर्षांपूर्वीची माउंटन सायकल नत्थू वेल्डरकडे सोपवली, तीच घटका वाईट. हिचा वरचा दांडा जमिनीला समांतर. पुढे कंपन्यांनी तो उतरता केला, पण मधुकररावांची फ्रेम जशीच्या तशी राहिली. "असा सरळ दांडा जिल्ह्यात नाई," हे पाहुण्याला चहाआधी ऐकावं लागे. रविवारी वर्ध्याला जुन्या सायकलींचं प्रदर्शन होतं. फ्रेम मूळचीच हवी, ही पहिली अट.

त्यांनी फोनवर बजावलं, "दांड्याचा रंग उतरवजो." नत्थूचं ग्राइंडर सुरू होतं. त्याला ऐकू आलं, "दांडा उतरवजो." भाऊंचं वय झालं, असं म्हणून तो बिचारा हळहळला आणि कामाला लागला.

शनिवारी उतरता दांडा पाहून मधुकरराव मटकन खाली बसले.

"काऊन कापला रे, नालायका?"

"तुमीच तं म्हटलं, भाऊ!"

"रंग रे, रंग! आता उद्या काय दाखवू, तुह्यं थोबाड?"

रडवेल्या नत्थूनं हापशीच्या पाइपाचा तुकडा वर सरळ जोडला. "खालचा काढू?"

"हात लावशील तं याद राख!"

मग जोड झाकायला निळा रंग फासला. धुरपताबाईंनी नवऱ्याची ती सायकल गंभीरपणे न्याहाळली. "एवढे दांडे तं आपल्या बैलबंडीलेई नाई."

प्रदर्शनात परीक्षक बाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "वरचा दांडा जुन्या पद्धतीचा. खडकाळ उतारावर एकदम पाय टेकवला की तो नको तिथं लागायचा. म्हणून तो असा खाली आला. कंपन्यांना त्याला दहा-एक वर्षं लागली."

"दहा?" मागून नत्थू म्हणाला. "मले तं एकच सकाळ लागली."

मांडव हसला. बाईंनी कागदावर 'बाद' लिहिलं. मधुकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाईट नका वाटून घेऊ, काका," बाई म्हणाल्या. "बसा बरं सायकलवर, फोटो काढू."

मधुकररावांनी पाय उचलला. तो वरच्या दांड्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. दुसऱ्यांदा गुडघा वाजला. तिसऱ्यांदा पांढऱ्या पायजम्याला निळा पट्टा उमटला. सायकलवर बसून बारा वर्षं झाली होती, हे त्यांनी घरातही कोणाला कळू दिलं नव्हतं.

त्यांनी पाय खाली घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "नत्थू, वरचा काप."