तक्त्याशी जुळले : होय

“अरे खुशाल, माणूस चुकतो, तक्ता चुकत नाही.” वीस वर्षांपूर्वी माझ्या गुरुजींनी तोंडातलं पान सांभाळत हे सांगितलं, तो आवाज अजून कानात आहे. मानवजातीची प्रगती या वाक्यावर उभी आहे की नाही, ठाऊक नाही. आमचं रुग्णालय मात्र उभं आहे.

अमरावती-अकोला रस्त्यावरच्या या कर्करोग रुग्णालयात किरणोपचाराच्या भौतिकतज्ज्ञांना वर्षभर निवासी प्रशिक्षण मिळतं. मी मार्गदर्शक. रोग्याला किती किरण द्यायचे हे डॉक्टर ठरवतो. तेवढे मिळायला यंत्र किती वेळ चालू ठेवायचं हे आम्ही ठरवतो. (रोगी किरणांना ‘शेक’ म्हणतात आणि आम्हाला ‘मास्तर’. दोन्ही नावं आम्ही तोंडी मान्य केली आहेत.)

यंत्रात कोबाल्ट असतो. तो निखाऱ्यासारखा महिन्यागणिक थोडा विझतो, म्हणून वेळ महिन्यागणिक थोडा वाढवायचा असतो. हे झालं निसर्गाचं वागणं. रुग्णालयाला शिस्त असते. २००४ साली नवा कोबाल्ट आला तेव्हा वेळेचा तक्ता झाला, पाहुण्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं आणि तो काचेत मढवून भिंतीत पक्का बसवला गेला. बदलायचा तर तीन सदस्यांची समिती बसावी लागते. पैकी एक निवृत्त, एक परदेशात, एक दिवंगत. (दिवंगत सदस्यांनी आजवर कशालाही हरकत घेतलेली नाही.) त्या वर्षांत तहसीलीत, मदत द्यायची की नाही हे ठरवायला, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांचेसुद्धा ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे तक्ते होते. आमचा निदान जिवंतांचा होता.

प्रशिक्षणाचा कळस म्हणजे मोजणी. पाण्याच्या टाकीत मापक बुडवायचा, यंत्र सुरू करायचं, तक्त्याने धरलेले किरण शंभर मानून आकडा घ्यायचा. अर्जावर छापलेलं असतं, ‘तक्त्याशी जुळले : होय’. (‘नाही’ला छपाईत जागा पुरली नाही.) दोन वर्षांत चार उमेदवार झाले, चौघांचाही आकडा शंभर. निकाल शंभर टक्के.

पाचवी अमरीन. अकोल्याच्या शिंप्याची मुलगी. माप घेण्याची खोड घरूनच लागलेली. तिचा आकडा आला सत्त्याहत्तर.

मी तिला परत पाठवलं. नऊ वेळा.

“सर, पानी बदललं, तार बदलली. काल रोजा होता, म्हटलं आपलंच डोकं फिरलं असंल, म्हून इफ्तार करून मोजलं. सत्त्याहत्तरच.”

“शनिवारी सही नाही झाली तर वर्ष गेलं, बेटा.”

“जाऊ द्या. आकडा तोच हाय.”

अर्ज सहीविना राहिला. संस्थेच्या इतिहासात हा पहिलाच कागद, ज्यावर खोट्याखाली कोणाची सही नव्हती.

आता दुर्गाबाई. चांदूर बाजारच्या, मानेवर गाठ, तेहतीस शेक ठरलेले, बारा झालेले. जाड भिंतीच्या खोलीत रोग्याला एकटं ठेवून दार लावतात. दुर्गाबाई तिथे मनातल्या मनात ओव्या म्हणत आणि वेळ मोजत:

*भिंतीआड ऊन ठेवलं, मले एकटीले टाकून*
*मास्तर पाहे काचेतून, घड्याळ हाती धरून*

तेराव्या शेकाला त्या अमरीनसमोर आणि माझ्यासमोर टेबलावर आडव्या झाल्या आणि एकदम उठून बसल्या.

“पोरी, दोन सालाआंधी माही जाऊ अठीच आली होती. हेच दुखनं. तिले तीन ओव्यांचा शेक. गाठ लोन्यावानी गेली. मलेबी तीनच ओव्या. पन माही गाठ जिथल्या तिथं काहून?”

“मावशी, तुमाले चार पाह्यजे,” अमरीन म्हणाली. “कोबाल्ट इझत चाल्ला.”

“मंग चवथी कोन खाल्ली?”

अमरीनने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचं सौजन्य. मी तक्त्याकडे पाहिलं, ही माझी सवय.

वाचकहो, असा तक्ता भिंतीवर कोणी कसा राहू दिला, म्हणून तुम्हाला राग येत असेल. योग्यच आहे. पण शंभराचे सत्त्याहत्तर झालेले कळूनही तुम्ही माझ्या कंसांना हसत इथवर आलातच की. मीही असाच आलो.

“मास्तर,” दुर्गाबाईंनी पदर मानेभोवती घट्ट घेतला. “तुमी सांगा. मले शेक कमी पडून राह्यला काय?”

यावर कार्यालयीन उत्तर तयार होतं: सदर बाब समितीच्या विचाराधीन आहे. तोंडात आलंही.

“पडते, बाई,” मी म्हणालो. “मी दर महिन्याले एकटा येऊन मोजतो. मले दोन सालांपासून माहीत हाय.”