माने सरांचा बत्तीस

आमच्या हॉस्पिटलच्या सर्व्हर रूमला कुलूप लावलं की माने सर ते तीनदा ओढून बघतात, जिना उतरतात आणि अर्ध्यातून परत वर येतात. कुलूप बघायला नाही. आपण गेल्यावर तिथं कोण आलं ते बघायला.

मी शेजारच्या रेकॉर्ड विभागात. पहिल्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी शिपायाला विचारलं, "ह्यांचं माझ्याकडं काय काम हाय?" चहा ओतताना बघितला नसेल तर पीत नाहीत. कुणी रजा घेतली, लिफ्ट बंद पडली, कँटीनमध्ये भजी जास्त झाली, सगळ्यावर त्यांचं एकच मत. "ह्यात कायतरी हाय."

मूळचे माढ्याचे. बायको वारल्यापासून इथं सोलापुरात, सात रस्त्याजवळ, एकटेच राहतात. डबा खातात तोही सर्व्हर रूममध्येच, दार लावून.

त्या खोलीत चार सर्व्हर आणि डिस्कनी भरलेलं एक मोठं कपाट. पेशंटचे सगळे स्कॅन त्या कपाटात साठवलेले. प्रत्येक सर्व्हरमधल्या एका कार्डातून तार कपाटाला जाते, आणि कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक आकडा भरावा लागतो: एका वेळी किती मागण्या रांगेत सोडायच्या. सरांनी तो बत्तीस ठेवला होता. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मार्चमध्ये कार्डाच्या कंपनीकडून श्रीदेवी मॅडम नवा ड्रायव्हर टाकायला आल्या. सोलापूरच्याच, नोकरीत नव्या. मी सही घ्यायला आत गेलो होतो. त्यांनी विचारलं, "सर, नवीन ड्रायव्हर टाकला की जुने आकडे जातात. तुम्ही बत्तीस का ठेवलंय?"

सरांनी डोळे बारीक केले. "तुमाला कशाला पायजे?"

"समजून घ्यायचं होतं."

"कंपनीनं विचारायला सांगितलं का?"

मॅडम स्क्रीनकडे वळल्या. नव्या ड्रायव्हरमध्ये कंपनीचा जो आकडा आला, बत्तीसच्या कितीतरी पट, तोच ठेवून गेल्या. सर बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी भरली आणि स्कॅन उघडेनात. चारी सर्व्हरच्या मागण्या एकदम कपाटावर तुटून पडल्या होत्या. वर ऑपरेशन टेबलावर एक बाई भूल देऊन झोपवलेली, आणि डॉक्टर कोऱ्या स्क्रीनपुढे उभे. सर धावत आले. एकेक सर्व्हर बंद करून बत्तीस भरत गेले. पंचवीस मिनिटांनी वरून निरोप आला, स्कॅन दिसतोय. बाई सुखरूप राहिली.

दुपारी अधीक्षकांनी सरांना बोलावलं, रेकॉर्ड घेऊन मलाही. मॅडमचे साहेब फोनवर होते. त्या मुलीला काढून टाकतो म्हणत होते. मला वाटलं, आता सर "मी म्हणतच हुतो की" म्हणणार.

"चूक माजी हाय," सर म्हणाले. "त्यांनी इचारलं हुतं. मी सांगितलं न्हाय."

अधीक्षकांनी त्यांना लेखी मेमो दिला. बाहेर पायरीवर ते माझ्याशेजारी बसले. पहिल्यांदाच.

"बारा वर्सं हाय मी त्या खोलीत," ते म्हणाले. "कपाट जुनं, लई मागण्या झेपत न्हाईत त्याला. किती दिवस बसून काढला तो आकडा. असा का, म्हणून इचारणारी ती पयली. आन मी तिच्यावरच संशय घेतला."

"फोन करा की त्यांना."

"काय बोलू?"

तरी त्यांनी मोबाईल काढला आणि नंबर लावला. पलीकडून आवाज आला.

"मॅडम," ते म्हणाले, "जेवलात का?"