देवराममामा होडी सोडत नाहीत

देवराममामांच्या होडीत बसायचं असेल, तर आपल्याला पोहता येतं हे चुकूनही सांगू नये. मी पहिल्याच दिवशी फुशारकीनं सांगितलं आणि तेव्हापासून मधल्या फळीवर, त्यांच्या नजरेसमोर बसते. न पोहणारे आरामात कडेला. "पव्हनारा मानूस लय वाईट, बाई," मामा म्हणतात, "त्याला पान्याचं भेव नसतं."

मी शिकवते ती शाळा धरणाच्या फुगवट्यापलीकडे. सातपूरच्या घरून काठापर्यंत स्कूटर, पुढे मामांची होडी. आधी ते प्रत्येकाचं तोंड हुंगणार. लग्नाला निघालेला नवरदेवही त्यातून सुटला नव्हता. मग तरंगायच्या जाकिटाचे पट्टे स्वतः आवळणार, इतके की सकाळचा चहा घशाशी यावा. आमचे केंद्रप्रमुख एकदा शाळा तपासायला आले आणि भर पाण्यात फोटोसाठी उभे राहिले. मामांनी होडी वळवली, साहेबांना काठावर उतरवलं आणि आम्हाला घेऊन पुन्हा निघाले. त्या वर्षी आमची तपासणी फोनवर झाली.

गेल्या आषाढात एका संध्याकाळी असा वारा सुटला की पाणी काठावर आपटायला लागलं. घरी जाणारी मी एकटीच होते. नवऱ्याची दुसरी पाळी, सातवीतली सई घरी एकटी, तिचे तीन फोन येऊन गेलेले, आणि मामा होडी सोडेनात. मी विनवलं, मग चिडले, शेवटी बोलू नये ते बोलले: एवढी भीती वाटते तर होडी चालवता कशाला? मामांनी ऐकून घेतलं. लाटांवरची नजर हलवली नाही.

दीड तासानं वारा जरा पडला तेव्हा ते "चला" म्हणाले. वाटभर मी दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. आपल्याला पोहता येतं याची मला आठवणसुद्धा झाली नाही.

काठाला लागलो आणि वारा पुन्हा उठला. मामांचं घर पलीकडे. मी म्हटलं, आता परत जाऊ नका, आजची रात्र आमच्याकडे चला.

"मान्सं बसली की भेव," ते म्हणाले. "एकल्याचं काय? तुमची पोर वाट बघती, म्हनून थांबलो. माझी कोन बघतंय?"

मामी गेल्याचं मला ठाऊक होतं. मघाच्या माझ्या बोलण्याची मला फार लाज वाटली. तोवर त्यांनी वल्हं मारलं.

मी सईला फोन केला, अजून अर्धा तास लागेल, कडी लावून बस म्हटलं, आणि काठावरच उभी राहिले. होडी दिसायची, दिसेनाशी व्हायची. मोबाईलचा दिवा लावून मी हात वर धरला होता. तो दुखायला लागला तरी खाली घेववेना.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"बाई," मामा म्हणाले, "पोचलो मी."