धुण्यात गेलेली किल्ली

वॉशिंग मशीनच्या काचेच्या दारातून आपली पँट गरगर फिरताना बघत दाईसाहेब समाधानाने उभे होते. बायको ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेलेली, आणि कुणालाही न विचारता स्वतःचे कपडे स्वतः धुवायला टाकायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच खेप. तेवढ्यात पँटबरोबर काहीतरी काचेवर खण्णकन आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्या फेरीला ते काय आहे हे त्यांना दिसलं. प्रयोगशाळेच्या खोलीची किल्ली!

दाईसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उंचेपुरे, झुपकेदार मिशांचे असे ते जिवाणूशास्त्रज्ञ होते. पोटाला चांगले असणारे जिवाणू टाकीत वाढवायचे, ते गोठवून वाळवायचे आणि त्यांची पूड पुड्यांत भरून विकायची, असा त्यांच्या कंपनीचा धंदा. त्यातलं वाढवण्याचं काम दाईसाहेब ज्या मायेने करत, ती बघून ऑफिसने त्यांना ही पदवी बहाल केली होती. टाकीतली ऊब जराशी इकडची तिकडे झाली की यांचा जीव खालीवर. वाढता वाढता जिवाणू टाकीतलं पाणी आंबट करतात, तर हे आंबटपणा मारणारं औषध लगेच सोडणार. साखर संपायच्या आत साखर. टाकीजवळ कुणी खोकलं तरी म्हणायचे, "जरा बाहेर जाऊन खोका हो, वाढतायत ते."

एवढं तळहातावरच्या फोडासारखं जपूनही पूड झाली की जिवाणू मेलेले. टाकीत गुटगुटीत आणि पुडीत गार. दर वेळी दाईसाहेब हळहळायचे, "आपलंच काहीतरी कमी पडलं," आणि पुढच्या खेपेला लाड आणखी वाढवायचे.

शेवटी संचालकबाईंचा धीर सुटला. "पुढच्या आठवड्यात मोठी गिऱ्हाइकं पूड तपासायला येतायत. या खेपेलाही जिवंत जिवाणू दिसले नाहीत, तर जिवाणूंचा हा वाण कायमचा फ्रीजरमध्ये. आणि तुम्ही पुड्यांवर तारखा छापायच्या विभागात."

तारखा छापायचं दाईसाहेबांना फारसं वाटलं नाही. फ्रीजरचं मात्र त्यांना ऐकवेना. तारुण्याची सगळी वर्षं त्यांनी या एका वाणाच्या पायी घातली होती. तेव्हा या खेपेला कुणाचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही, असं ठरवून त्यांनी खोलीला स्वतःच्या हाताने नवं कुलूप बसवलं. किल्ल्या दोनच. एक खिशात. दुसरी त्यांनी वाफेवर निर्जंतुक केली, फॉइलमध्ये गुंडाळली आणि त्यांच्या मते सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली. ती जागा म्हणजे तीच खोली.

आणि आता पहिली किल्ली पँटच्या खिशातून निसटून फेसात पोहत होती. दुपारी जाऊन औषधाची बाटली भरायची होती, साखर घालायची होती. दाईसाहेबांनी मशीनची सगळी बटणं दाबून पाहिली. मशीनने एक उचकी दिली आणि ते पाण्यासकट बंद पडलं. दार काही उघडेना. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, मशीनचं दार उघडत नाहीये."

"साबण किती घातलात?"

"अर्धा डबा."

"अहो, चमचाभर घालतात."

"मला वाटलं, कमी पडायला नको."

"तुम्हाला नेहमी तेच वाटतं. आता ऐका. आत पाणी आहे तोवर दार उघडणार नाही. मशीनच्या खाली उजवीकडे एक झाकण आहे, ते फिरवून पाणी काढावं लागेल. पण त्याआधी..."

आधी काय करायचं हे ऐकायला थांबण्याइतका वेळ त्यांच्या जिवाणूंपाशी नव्हता. त्यांनी झाकण फिरवलं. ते सुटून हातात आलं आणि मागोमाग साबणाचं पाणी त्यांच्या मांडीवर.

"हॅलो? परात ठेवलीत ना खाली?"

"परात कुठे असते?" दाईसाहेब ओरडले.

बायकोने जागा सांगेपर्यंत पाणी स्वयंपाकघर ओलांडून दिवाणखान्यात गेलं होतं. तिथे वायरींचा गुंता जमिनीवरच होता. फट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. वीज गेली तशी मशीनच्या दाराची कडीही अडकून बसली. वायरमन फोनवर म्हणाला, "आज सुट्टी आहे साहेब. उद्या संध्याकाळी येतो."

"उद्या? अहो, तोवर ते उपाशी मरतील!"

"अरेरे. मग बाहेरून काहीतरी मागवा ना त्यांच्यासाठी," असं म्हणून वायरमनने फोन ठेवला.

एवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर डोक्यावर टॉवेल घेऊन उभे होते. "तुमचा फेस आमच्या जेवणाच्या टेबलावर उतरलाय."

"सर, माफ करा, पण मला आत्ता तातडीने..."

"आधी पुसा."

हेडमास्तरांच्या आवाजात वर्गातला कडकपणा अजून शिल्लक होता. दाईसाहेबांनी आधी आपलं घर पुसलं, मग त्यांचं. पुसता पुसता एका हाताने कंपनीच्या वॉचमनला फोन लावला.

"माझ्या खोलीतून काही आवाज येतोय का बघा."

"यंत्र पीं पीं करतंय, साहेब. आणि आंबट वास सुटलाय. खोली पण तापलीय वाटतं, दाराला हात लावला तर गरम लागतंय. तोडू का दार?"

"खबरदार! धूळ जाईल आत."

"मग कुलूपवाल्याला बोलावू?"

"त्याने हात धुतले असतील कशावरून?"

वॉचमनने फोन ठेवून दिला. हेडमास्तर मात्र खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "तो कोपरा राहिला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरमन आला. वीज आली, दार उघडलं, आणि किल्ली चकचकीत धुतलेली अशी हाती लागली. दाईसाहेब ओल्या पँटनिशी प्रयोगशाळेत धावले. औषधाची बाटली कोरडी ठणठणीत. साखरेचा कणही उरला नव्हता. पाणी आंबटढाण, आणि ऊब सांभाळायला कुणी नसल्याने ती हवी त्याहून बरीच जास्त. मायक्रोस्कोपखाली नेहमीचे गुटगुटीत जिवाणू बारीक, आकसलेले दिसत होते. दाईसाहेबांनी टाकीवर हात ठेवला आणि त्यांना खरोखरच रडू आलं. नवीन खेप वाढवायला आता दिवस उरले नव्हते. मनाचा दगड करून त्यांनी तीच खेप गोठवायला घातली आणि मूग गिळून गप्प बसले.

तपासणीच्या दिवशी पूड पाण्यात कालवून तिच्यात रंग घातला. जिवंत जिवाणू हिरवे चमकतात, मेलेले लाल, असा तो रंग. दाईसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. गिऱ्हाइकांतल्या म्हाताऱ्या तज्ज्ञबाई बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून होत्या.

"हिरवेगार आहेत हो," त्या म्हणाल्या. "लाल शोधावे लागतायत."

संचालकबाईंनी बघितलं. मग दाईसाहेबांनी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं.

"या खेपेला काय वेगळं केलंत?" संचालकबाईंनी विचारलं.

"त्यांना जरा... एकटं सोडलं."

"किती वेळ?"

"कपडे धुऊन होईपर्यंत."

तज्ज्ञबाई खळखळून हसल्या. "बरोबर केलंत. भरल्या पोटी उबेत वाढलेल्यांना एकदम गोठवलं तर ते कसे टिकणार? यांनी आधीच थोडी भूक काढली, थोडा आंबटपणा सोसला, थोडा ताप सोसला. अंग राखायची तयारी त्यांनी आधीच करून ठेवली. मात्र जरा आणखी उशीर झाला असता तर टाकीतच संपले असते."

"एकदा झालं म्हणजे योगायोग," संचालकबाई म्हणाल्या. "तस्संच पुन्हा करून दाखवा. मग फ्रीजरचं नाव काढणार नाही मी."

पुन्हा करायला काय, काहीच करायचं नव्हतं. आणि नेमकं तेच दाईसाहेबांना जमेना. साखर संपायच्या सुमाराला ते खोलीबाहेर येरझाऱ्या घालू लागले. यंत्राने पहिल्यांदा पीं केलं तेव्हा त्यांनी कानांत बोटं घातली. दुसऱ्यांदा केलं तेव्हा नकळत कुलूप उघडलं. ती सगळी खेप पुडीत लालेलाल निघाली.

"साखर कुणी घातली?" संचालकबाईंनी विचारलं.

"अगदी थोडीशीच."

"आता शेवटची संधी. हात आवरा."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बायको पेपर वाचत बसली असताना दाईसाहेब धुण्याचा ढीग घेऊन मशीनपाशी आले. "आज मी धुतो," ते म्हणाले. तिकडे टाकीतली साखर संपत आली असणार, आणि त्यांचे हात नुसते शिवशिवत होते.

"धुवा. पण आधी खिसे तपासा," बायकोने पेपरामागून सांगितलं.

त्यांनी खिसे तपासले. किल्ली हाताला लागली. तिच्याकडे क्षणभर त्यांनी फार मायेने पाहिलं. मग ती पुन्हा खिशात खोलवर सारली, खिशाला सेफ्टी पिन लावली आणि पँट मशीनमध्ये टाकली.

"तपासले का?"

"तपासले."

"आणि साबण चमचाभरच!"

"हो, हो," म्हणत दाईसाहेबांनी अर्धा डबा उपडा केला आणि बटण दाबलं. परात मात्र त्यांनी आधीच खाली आणून ठेवली होती.