विल्फ बार्डस्ली यांची सनद व काळी गाडी

श्री घड्याळमनोरा साक्ष. इंग्लंडच्या उत्तर मुलखी क्लेगडेन नामे गिरण्यांचे शहर, तेथे राजमान्य राजश्री विल्फ बार्डस्ली, टॅक्सीवाले, सनद क्रमांक चौदा, उमर त्रेसष्ट, यांजवर नगर-कौन्सिलाची इतराजी होऊन सनद राहते की जाते ऐसा बिकट प्रसंग गुदरला, त्याची हकीकत साद्यंत लिहून ठेवावी ऐसे मनी आले. त्यास, डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, कानांनी ऐकले ते पारखून लिहिले, आणि विल्फ यांची वडील बहीण ग्लेनिस हिने सांगितले त्यातील निम्मे गाळिले. उरले तेही पुष्कळ आहे.

विल्फ बार्डस्ली हे एकतीस वर्षे ठेशनासमोरील टॅक्सीच्या रांगेत चाकरी करीत होते. माणूस सालस, गाडी धुतलेली, जिभेवर कधी वावगा शब्द नाही. परंतु एक नेम कडक. रस्त्यात मयताची काळी गाडी दृष्टीस पडली की जेथे असतील तेथे टॅक्सी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, खाली उतरावे, टोपी काढून छातीशी धरावी, आणि शेवटची शोकाकुल मोटार कोपऱ्यापार जाईतो खांबासारखे उभे राहावे. एके काळी क्लेगडेनात तमाम रयतेची हीच चाल होती. मग गिरण्या गेल्या, टोप्या गेल्या, घाई आली, आणि या जुन्या दौलतीचा शेवटला शिलेदार म्हणून विल्फ एकटे उरले. पाठीमागे बसलेल्या स्वाराचा दात दुखो अथवा आगगाडी सुटो, त्याची तमा त्यांनी बाळगली नाही.

त्यामुळे एका सालात तक्रारी चार जाहल्या. एकाची आगगाडी हुकली. एकाची दंतवैद्याकडील वेळ गेली, आणि दात तसाच राहिला. तिसरी तक्रार मिसेस लोमॅक्स यांची, ती मोठी जबर. त्यांची कन्या जेनीन नवरीच्या पोशाखात विल्फ यांच्या गाडीतून चर्चकडे निघाली असता वाटेत एका निवृत्त बँड-मास्तरांची अंत्ययात्रा आडवी आली, मागे मोटारी एकोणीस आणि त्यामागे पायी चालणारा अख्खा बँड. नवरी बावीस मिनिटे खोळंबली, आणि इकडे नवरदेवाने, आपणास टाकले ऐसे समजून, चर्चच्या मागल्या दाराने निघून पबात ठाणे दिले. लग्न लागले खरे, परंतु फोटोंत नवरदेव भिंतीस टेकून आहे. चौथ्या तक्रारीचा मजकूर पुढे येईल.

मग कौन्सिलाचा खलिता तपकिरी पाकिटातून दारात पडला, की वर्तनाविषयी तक्रारी आल्या सबब सनदेचा फेरविचार होईल, गुरुवारी दहा वाजता हजर व्हावे. विल्फ यांनी तो तीनदा वाचला आणि बहिणीस बोलाविले.

"काय केलंस रे तू?" ग्लेनिस कोट न काढताच म्हणाली.

"काही नाही. थांबलो."

"थांबलो म्हणे! जन्मभर तेच केलंस. नोरीनला लग्नाचं विचारायला सहा वर्षं थांबलास. शेवटी तिनेच विचारलं."

नोरीन जाऊन तीन वर्षे जाहली होती. सनद गेली तर पुढे घरी बसणे, आणि घरी म्हणजे समोर नोरीनची खुर्ची, तिने विणलेले चहाच्या किटलीचे झाकण, आणि बोलावयास रेडिओ. रांगेत उभे राहिले तर दिवसाकाठी वीस माणसे गाडीत बसतात, आणि पाऊस थांबेल का हो, इतके तरी विचारतात. ऐसे त्यांच्या पोटात होते. परंतु ते त्यांनी ग्लेनिसला सांगितले नाही, आणि तिला सांगावे लागले नाही.

गुरुवारी मोहीम निघाली. विल्फ यांनी इस्त्रीची पाटलोण आणि लग्नातला टाय चढविला. ग्लेनिसने रसद म्हणून थर्मास आणि अंड्याची सँडविचे घेतली, आणि उभयतां टाउन हॉलच्या चौऱ्याहत्तर पायऱ्या चढून गेली, कारण लिफ्ट बंद होती.

दरबार भरला. मध्ये सदर, म्हणजे अध्यक्षा, मिसेस टॅटर्सॉल, दोन्ही गुडघे नवे घातलेल्या, चष्मा साखळीस. उजवे हाती एक कौन्सिलर, ते बिस्किटांच्या बशीवर पहारा करीत होते. डावे हाती दुसरे, त्यांचा कान ज्या बाजूस ऐकू येई त्या बाजूस भिंत होती. समोर परवाना खात्याचे अंमलदार मिस्टर पिलिंग, तक्रारींचे दफ्तर छातीशी धरून. आणि फिर्यादींतर्फे खाशा मिसेस लोमॅक्स, लेकीच्या लग्नातली जांभळी हॅट पिसासुद्धा डोईस चढवून, ऐशा बसल्या होत्या की मागच्या माणसास खिडकी दिसत नव्हती.

पिलिंग यांनी तीन तक्रारी वाचल्या आणि चौथीवर येऊन घसा साफ केला. "अकरा मार्च. बेकरीसमोर. मिस्टर बार्डस्ली अकरा मिनिटं टोपी काढून उभे होते. गाडीत बसलेल्या गृहस्थांना तातडीने बाथरूमला जायचं होतं. आणि मयताची गाडी, मॅडम, पार्क केलेली होती. रिकामी. तिचे मालक मिस्टर ग्रिमशॉ आत पाय घेत होते."

"कसले?" भिंतीकडचे कौन्सिलर.

"बटाटा आणि मटण," पिलिंग म्हणाले. पाय म्हणजे त्या मुलखीची सारण भरून भाजलेली कणकेची वाटी.

मिसेस टॅटर्सॉल विल्फ यांस पुसत्या जाहल्या, की हे खरे काय.

"खरं आहे," विल्फ म्हणाले. "गाडी दिसली, थांबलो. ती जाईना, मग मीही जाईना."

"पण आत कोणी नव्हतं!"

"आत कोण आहे ते आपण बघायचं नसतं, मिस्टर पिलिंग."

मिसेस लोमॅक्स यांची हॅट थरथरली. "माझी मुलगी होती ना आत! तुमच्या गाडीत! जिवंत!"

मग सदरेने दोन्ही सरदारांशी खलबत करून तहाची कलमे मांडली, की बार्डस्ली यांनी इतःपर स्वार गाडीत असता कोणत्याही मयतासाठी थांबणार नाही ऐसे लिहून द्यावे, म्हणजे सनद कायम. न दिल्यास सनद जप्त. कागद पुढे आला, पेन पुढे आले, आणि टेबलाखालून ग्लेनिसचा बूट विल्फ यांच्या नडगीवर पुढे आला.

"सही कर," ती दातांतून म्हणाली. "कर, आणि मग काय हवं ते कर."

विल्फ यांनी पेन उचलले, आणि टेबलावर आडवे ठेविले.

"नोरीनला नेलं तेव्हा बाजाराचा दिवस होता," ते म्हणाले. "सगळ्या गाड्या आमच्या बाजूने सुसाट. एक बस थांबली. ड्रायव्हर उतरला, टोपी काढली. मी त्याला ओळखत नव्हतो, तोही मला नाही. बस, एवढंच. सही मला जमणार नाही हो, मिसेस टॅटर्सॉल."

ग्लेनिसने बूट मागे घेतला. पिलिंग यांनी जप्तीचा कागद दफ्तरातून अर्धा बाहेर काढिला.

तों काय जाहले, खाली चौकात काळी गाडी आली. विल्फ यांनी खिडकीतून ती पाहिली आणि उठून उभे राहिले, हात टोपीस गेला, टोपी नव्हती, म्हणून छातीशी नुसताच राहिला. मिसेस टॅटर्सॉल यांस लहानपणी वडिलांनी लावलेली सवय साठ वर्षांनी गुडघ्यांत जागी जाहली आणि त्याही उभ्या राहिल्या. सदर उठली म्हणोन सरदार उठले, एकाच्या हाती बिस्कीट होते ते तसेच. पिलिंग दफ्तरासह उठले. अखेरीस मिसेस लोमॅक्स, हॅट टाचण्यांनी जखडलेली सबब निघेना, ती दोन्ही हातांनी धरून उठल्या.

गाडी चौकाला वळसा घालून गेली. आता बसावे, तों ती पुन्हा आली.

दुसरा फेरा जाहला, आणि तिसरा. क्लेगडेनच्या माणसास अंगावर तोफ आली तरी हरकत नाही, परंतु चारचौघांत पहिल्याने खाली बसणे त्याच्याने होत नाही. जो तो दुसऱ्याकडे पाही आणि उभा राही.

पिलिंग कुजबुजले, "रिकामी आहे ती. आज बाजार आहे. ग्रिमशॉ पार्किंग शोधतोय."

"मग तुम्ही बसा की, मिस्टर पिलिंग," मिसेस टॅटर्सॉल ओठ न हलवता म्हणाल्या.

पिलिंग बसले नाहीत.

नऊ मिनिटे होता होता गाडी दृष्टीआड जाहली, आणि सदर प्रथम बसली, मग बाकीचे. बिस्कीट विरघळून चॉकलेट सरदारांच्या बाहीत शिरले होते.

"माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत," मिसेस टॅटर्सॉल म्हणाल्या. "नऊ मिनिटं मी एका रिकाम्या गाडीसाठी उभी राहिले. का, ते कोणी सांगेल का मला?"

पिलिंग यांनी जप्तीचा कागद दफ्तरात परत सारिला.

"मग या माणसाला आपण काय विचारतोय?"

मग फर्मान निघाले, ते येणेप्रमाणे. सनद क्रमांक चौदा तीन वर्षे बहाल. मयताची गाडी चालती असेल तर थांबावे, आणि ती पुढे गेली की स्वाराची क्षमा मागून निघावे. उभ्या गाडीस मान देऊ नये. नवरी गाडीत असल्यास अंत्ययात्रांची चौकशी आगाऊ करून वाट बदलावी. आणि ग्रिमशॉ यांस ताकीद जावी, की पाय घ्यावयास पायी जावे.

मिसेस लोमॅक्स यांस पुसले, की तक्रार मागे घेता काय.

"मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "चांगली लिहिलीये मी ती. राहू दे फायलीत."

ऐसी फत्ते पदरी घेऊन विल्फ ठेशनाच्या रांगेत रुजू जाहले, आणि ग्लेनिस थर्मास उघडून शेजारच्या आसनावर बसली. थोड्याच वेळात मिसेस लोमॅक्स रांगेपाशी आल्या, पहिली गाडी कोणाची ते पाहिले, आणि सरळ दुसरीचे दार धरिले.

"पहिला तो आहे, बाई," दुसरा टॅक्सीवाला वर्तमानपत्रातून म्हणाला. "रांग म्हणजे रांग."

त्यावर इलाज नव्हता. त्या विल्फ यांच्या मागे बसल्या, हॅट छतास लागली, आणि स्वारी गिरणीच्या रस्त्याने चालू जाहली. अर्धी वाट गेली नाही तों समोरून ग्रिमशॉ यांची काळी गाडी आली. विल्फ यांचा पाय ब्रेकवर अर्धा गेला आणि अडला. सनद हाती येऊन तासही लोटला नव्हता, आणि गाडी रिकामी असल्याचे पक्के ठाऊक होते.

"थांबा ना!" मागून मिसेस लोमॅक्स कडाडल्या. "काय बघताय? चालती आहे ना ती?"

विल्फ थांबले, उतरले, टोपी छातीशी धरिली. ग्रिमशॉ यांनी ते पाहिले, आणि आपल्यापायी आधीच एवढे जाहले म्हणोन ओशाळून, यांस वाट द्यावी या हेतूने आपलीही गाडी उभी केली.

"जा ना विल्फ, तुम्ही जा आधी!"

"छे छे, तुम्ही आधी, मिस्टर ग्रिमशॉ."

"अहो, रिकामी आहे!"

"ते मला विचारायचं नाहीये."

"आता ती उभी आहे रे, मूर्खा!" ग्लेनिस काच खाली करून ओरडली. "उभीला मान द्यायचा नाही, फर्मान आहे!"

"आली तेव्हा चालत होती," मागून मिसेस लोमॅक्स म्हणाल्या. ग्लेनिसने वळून त्यांजकडे पाहिले, आणि झाकणात ओतलेला चहा त्यांच्या हाती दिला.

तों मागे बस येऊन थांबली. कोणी भोंगा वाजविला नाही. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने टोपी काढिली. विल्फ यांनी मान वळवून त्यास पाहिले. तोच तो, की दुसरा कोणी, हे त्यांनी पुसले नाही. त्याने मान लवविली, यांनीही लवविली.

येणेप्रमाणे मार्च मासी, बाजाराचे दिवशी, सनद क्रमांक चौदा राखिली, तह जाहला, आणि तहाचे पहिले उल्लंघन त्याच दिवशी, फिर्यादीच्या हुकुमाने, गिरणीच्या रस्त्यावर जाहले. रस्ता सात मिनिटे बंद होता. उभयपक्षी कोणी आधी निघाले नाही. अखेर कोण निघाले, येविशी दोन मते आहेत. ग्लेनिसचे मत गाळिले आहे. लिहिले ते खरे, आणि शाई येथे संपली.