विरुपाक्षअप्पांच्या घोरण्यावरील स्वारी

सज्जनहो, टाळ खाली ठेवा आणि जरा पुढे सरून बसा. श्रीशंभूचे स्मरण करून, संतांच्या चरणी मस्तक ठेवून, नेकनूर मुक्कामी जे युद्ध जाहले त्याची हकीकत यथामती सांगतो. चित्त देऊन ऐकावी. ऐकता ऐकता कोणी डुलकी मात्र घेऊ नये, त्याची सबब पुढे कळेल.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणमास. नेकनुरी किराणा दुकानाचे धनी, शिवनाम सप्ताहाचे मुख्य गायक, राजमान्य राजश्री विरुपाक्षअप्पा हे दिवसा गळ्याने आणि निजल्यावर नाकाने गाव दणाणून सोडीत. लोक हसत, परंतु त्यांचे कुटुंब सौभाग्यवती गंगासागरबाई हसत नसत. कारण घोरण्याच्या ऐन गर्जनेत एकाएकी सारे शांत होई, छाती हलेना, श्वास येईना. मग बाई मनात ‘नमः शिवाय’ मोजीत, आणि दहावे सरताच अप्पांच्या बरगडीत कोपर हाणीत, आणि श्वास परत येई. ऐसा पहारा त्यांनी अकरा वर्षे केला. अप्पांस विचारावे, तर ते म्हणत, “आमी झोपतच न्हाई. डोळे मिटून ध्यान करतो.”

अखेर बाईंनी अप्पांस खबर लागू न देता एस.टी.ने बीडास कूच केले. तेथील फळविक्रेते मुनव्वरभाई यांची कन्या डॉक्टर उज्मा यांनी आवाज, श्वासनलिका आणि झोपेतला श्वास या तीन मुलुखांत संशोधनाची मोहीम मांडिली होती. बाईंनी पुसले, “कावून थांबतो गं माय, श्वास?” डॉक्टरीणबाई बोलल्या, “काकू, झोपेत घसा ढिला पडून वाट बुजते. आधी किती वेळा बुजते ते मोजू. मग हवा सोडणारा मुखवटा आहे, तो रोज बांधून झोपायचं.” बाईंनी घरी परतून हे सांगितले, तो मुखवट्याचे नाव ऐकताच अप्पा गरजले, “मी काय विमान चालवतो का गं!” तरी एक रात्र मोजणी करू द्यावी, इतका तह जाहला.

पहिल्या स्वारीस यंत्र घरी आले. बोटास चिमटा, नाकात नळी, छातीस पट्टा. परंतु नेकनूरचा दस्तुर ऐसा की, भजनाविना कोणतेही कार्य सिद्धीस जात नाही. मुख्य गायकाची तपासणी म्हणताच सटवा मृदंगी अवघी टाळकऱ्यांची फौज घेऊन यश चिंतावयास आला, आणि मग पहाटेपावेतो भजन जाहले, आणि नाकात नळी असता अप्पांनी स्वतः सात पदे म्हटली. सकाळी यंत्र उघडिले तो झोप शून्य. ऐसी शिकस्त जाहली.

तेव्हा गंगासागरबाईंनी डॉक्टरीणबाईंस मसलत दिली, “हे घरी नाटक करतेत. सप्ताह चालूच हाय, दुपारच्या प्रवचनाला न्या, पाच मिनिटांत आडवे!” पेच इतकाच की, प्रवचनकार मृत्युंजय महाराजांचा मान. महाराज ऐकून बहुत रुष्ट जाहले, “माझ्या प्रवचनात झोपतेत?” मग बाईंनी पदर पसरला, “म्हाराज, नुसते झोपतेत असं न्हाई. श्वास थांबतो, तुमच्यासमोर.” तेव्हा महाराजांनी फर्माविले की, यंत्र बांधावे, आज विषय वैराग्य.

मंडपात अप्पा खांबास टेकून बसले आणि भर सभेत गरजले की, आज डोळा लागला तर तो मुखवटा जन्मभर बांधीन, शिवाची आण! डॉक्टरीणबाईंनी गंगासागरबाईंस कोपर न मारण्याची सक्त ताकीद दिली. मंगलाचरण सरले नाही तो अप्पांची मान कलली, घोरण्याच्या तोफा सुटल्या, आणि मंडप खदखदा हसला. आणि मग तोफा बंद पडल्या.

महाराज थांबले. गंगासागरबाईंचे ओठ हालू लागले. सहा, सात, आठ. शेजारच्या बायाही मोजू लागल्या. दहावे सरले, बाईंचे कोपर आपोआप उचलले गेले, ते त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेविले. अकरा, बारा. एका टाळकऱ्याच्या हातून टाळ निसटला, तो कोणी उचलीना. चौदाव्या ‘नमः शिवाय’ला अप्पांचा श्वास हुंकारून परतला, आणि अवघ्या मंडपाने आपलाही श्वास सोडिला. त्या तासात ऐसे एक्केचाळीस वेळा जाहले. हसणे पहिल्यातच संपले होते.

अप्पा जागे होऊन म्हणाले, “पाहा, ध्यानच होतं.” सटवा डोळे पुसून इतकेच बोलला, “अप्पा, मुखवटा बांधा. आण घेतलीया.” शिवाची आण मोडवेना, अप्पांनी मुखवटा बांधिला. पहिल्या रात्री घर इतके शांत की, गंगासागरबाईंनी दोनदा उठून छातीवर हात ठेविला, आणि मग अकरा वर्षांत प्रथमच उजाडेपावेतो निजल्या. सप्ताहाच्या समाप्तीस अप्पांनी ऐसा मोकळा सूर लाविला की, महाराजांनी स्वतः मान डोलाविली, आणि तीही जागेपणी.

येणेप्रमाणे नेकनूर फत्ते जाहले. डॉक्टर उज्मा यांनी संशोधनाच्या कागदावर पहिल्या ओळीस लिहिले की, हा रोग यंत्राच्या आधी एका बाईने नामस्मरणावर मोजिला. तर सज्जनहो, उद्या अप्पांचा सूर कानी पडला आणि मान डोलली, तर बायांच्या बाजूस बसलेल्या गंगासागरबाईंची आठवण ठेवावी. त्या तेथे पेंगत असल्या, तर कोणी उठवू नये.